जुनी 'जनता' घेताना आधी डायल, मग भाव

नाशिकमध्ये जुनं चावीचं घड्याळ शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती पहिल्यांदा येते ती एचएमटी 'जनता'. तिच्या पाठोपाठ काळ्या डायलची 'पायलट', मग जपानी सीको ५, आणि खिसा थोडा सैल असेल तर फेवर-लुबा किंवा वेस्ट एंड ही स्विस घड्याळं. गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात चादरीवर मांडलेला असो, मेन रोडवरच्या एखाद्या घड्याळजीच्या काचपेटीतला असो, नाहीतर मोबाइलवर फोटो बघून कुरिअरने मागवलेला असो, माल साधारण हाच. या मालाबद्दलचं मत आधीच सांगून टाकतो. मशीन खरं निघण्याची शक्यता चांगली, डायल खरी निघण्याची कमी, आणि भाव मात्र डायल खरी आहे असं धरूनच सांगितला जातो.

याचं कारण एचएमटीच्या बनावटीतच आहे. कंपनीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला मनगटी घड्याळं करायला सुरुवात केली. पुढे हाताने चावी द्यायच्या तिच्या कितीतरी मॉडेलांत ०२३१ हे एकच मशीन बसत राहिलं. १७ ज्वेल (म्हणजे धुरी ज्यांत फिरतात ते बारीक खडे), तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. 'जनता' घ्या की 'पायलट' घ्या, आतला जीव तोच. त्यामुळे एकीची डायल दुसरीत बिनबोभाट बसते. २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला, तरी चालू मशीनं आजही मुबलक सापडतात. पन्नास वर्षं ऊन, घाम आणि दमट हवा सोसून स्वच्छ राहिलेली डायल मात्र विरळा. ही तूट छपाईने भरून काढतात. जुनी डायल घासायची, रंग मारायचा, वर नवी अक्षरं छापायची. बाजारात याला 'रिप्रिंट' किंवा 'रीडायल' म्हणतात.

म्हणून विक्रेत्याने झाकण उघडून "बघा साहेब, एचएमटीचंच मशीन आहे" असं दाखवलं, तर तो खोटं बोलत नसतो. फक्त त्यातून डायलबद्दल काहीच कळत नाही.

बाजारात जाताना चार वस्तू जवळ असाव्यात. दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी बॅटरी, शाळेच्या कंपासपेटीत मिळतं तसं सुईचं होकायंत्र, आणि मोबाइलमध्ये त्याच मॉडेलच्या चार-पाच खात्रीच्या घड्याळांचे फोटो. झाकण उघडायची सुरी स्वतः नेऊ नये. 'जनता'चं झाकण दाबून बसवलेलं असतं, कडेला छोटी खाच असते, तिथे पातं सरकलं की बॉडीवर ओरखडा आणि मग त्यावरून वाद. "काका, झाकण उघडून दाखवता का?" एवढं विचारायचं. नाही म्हणाले तर घड्याळ खाली ठेवून पुढे व्हायचं. झाकण न उघडता जुनं घड्याळ घेण्याचं समर्थन होईल असं एकही कारण मला माहीत नाही.

आता डायल. भिंग डोळ्याला चिकटवा आणि घड्याळ त्याच्याजवळ आणा. दहापट भिंगाला साधारण अडीच सेंटीमीटर अंतर लागतं. हात लांब ठेवून भिंगातून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. सर्वांत आधी सहाच्या आकड्याजवळचा बारीक मजकूर वाचा: १७ ज्वेल्स, पॅराशॉक, इंडिया. (पॅराशॉक म्हणजे बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे झोके घेत वेळ राखणाऱ्या चाकाच्या, धुरीला धक्क्यापासून वाचवणारी सिटिझनची रचना, १९५६ साली आलेली.) कारखान्याच्या छपाईत ही अक्षरं इतकी बारीक असूनही त्यांच्या कडा कापल्यासारख्या असतात. रिप्रिंटमध्ये शाई पसरते. इंग्रजी 'ए'च्या पोटातलं त्रिकोणी भोक बुजतं, 'एस' किड्यासारखा जाड होतो, दोन अक्षरांमधली अंतरं कमीजास्त पडतात. स्पेलिंग चुकलेलंही सापडतं. काही डायलींवर 'इंडिया' किंवा अगदी खालचा बारीक क्रमांक गायबच असतो, कारण ज्या नमुन्यावरून छापलं त्यात तो नीट उमटला नव्हता.

देवनागरीत 'जनता' लिहिलेली डायल असेल तर आपल्याला एक जादा सोय आहे, शिरोरेषेची. भिंगातून ती रेषा डावीकडून उजवीकडे सावकाश बघत जा. खऱ्या छपाईत 'ज', 'न', 'ता' यांच्यावरून ती एकाच जाडीने, न तुटता जाते आणि टोकाला स्वच्छ थांबते. रिप्रिंटमध्ये ती मध्येच फुगते, 'न' आणि 'ता' यांच्यामध्ये फट पडते, किंवा 'ता'चा काना शिरोरेषेला चिकटायच्या जागी शाईचा ठिपका साचतो. लहानपणापासून ही लिपी वाचणाऱ्या डोळ्याला ही चूक चटकन खटकते. देवनागरी डायलला मागणी जास्त, त्यामुळे तिचा भाव जास्त आणि रिप्रिंटही जास्त. इथे घाई करू नये.

पुढे मिनिटांच्या रेघा बघा. त्या डायलच्या कडेशी समांतर वर्तुळात असायला हव्यात. एका बाजूला रेघा कडेला टेकल्यात आणि समोरच्या बाजूला केसभर जागा उरलीय, असं दिसलं तर छपाई सरकलेली आहे. बारा, तीन, सहा आणि नऊच्या रेघा त्या त्या खुणेच्या नेमक्या मध्यावर येतात का तेही बघा. खुणा धातूच्या, वरून बसवलेल्या असतील तर त्यांच्या बुंध्याशी बॅटरी तिरपी धरा. खुणा काढून डायल रंगवून पुन्हा बसवल्या असतील तर एखादी किंचित तिरकी असते किंवा बाजूला गोंदाची चमक दिसते. खुणा न काढताच रंग मारला असेल तर बुंध्याशी रंगाची जाड कड साचलेली असते. कारखान्यात आधी रंग, मग खुणा, त्यामुळे तिथे कड साचायचं कारणच नाही.

रंगाबद्दल एवढंच की भडक केशरी, पोपटी, तिरंगी किंवा देवाचं चित्र असलेली 'जनता' दिसली तर ती अलीकडे छापलेली आहे असं धरूनच भाव करा. ती घालायला वाईट नाही. फक्त ती जुनी डायल नाही. खरी जुनी पांढरी डायल बहुधा सायीच्या रंगाकडे झुकते, कडेने थोडी जास्त पिवळी पडते, आणि काट्यांच्या मधल्या भोकाभोवती बारीक डाग असतात. असे डाग बघून लोक नाक मुरडतात आणि शेजारची चकाकणारी उचलतात. माझ्या मते तिथेच गल्लत होते. झिजलेलं मशीन दुरुस्त होतं, तुटलेली स्प्रिंग बदलता येते, काच नवी बसते. कारखान्यातून आलेली मूळ डायल एकदा घासली की ती परत मिळत नाही.

डायल आणि काटे एकाच वयाचे वाटायला हवेत. चमकणारा रंग लावलेल्या मॉडेलांत, विशेषतः 'पायलट'मध्ये, आकड्यांवरचा रंग आणि काट्यांवरचा रंग शेजारी ठेवून बघा. आकड्यांवर मळकट पिवळा आणि काट्यांवर हिरवट पांढरा असेल तर काटे बदललेत किंवा पुन्हा रंगवलेत. मिनिटकाट्याचं टोक मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचतं का तेही तपासा. दुसऱ्या मॉडेलचा आखूड काटा लावलेला असला तर तो अलीकडेच थांबतो.

'पायलट'वर जास्तीचा संशय घ्यावा. काळी डायल, पांढरे मोठे आकडे, त्यामुळे ती दिसायला सुंदर आणि छापायला सोपी. काळ्या रंगाचा एकसारखा, प्लॅस्टिकसारखा चकाकणारा थर आणि त्यावर शुभ्र पांढरे उठावदार आकडे, हे लक्षण नव्याचं. जुना काळा रंग तिरप्या उजेडात किंचित तपकिरी दिसतो, त्यावर बारीक पुटकुळ्या किंवा तडे असू शकतात. नाशिकमध्ये 'पायलट'बरोबर हमखास एक गोष्ट ऐकायला मिळते: देवळाली कॅम्पच्या तोफखान्यातल्या कुणा फौजी साहेबाचं हे घड्याळ. गोष्ट खरी असूही शकते, पण तिचे पैसे देऊ नयेत. झाकणावर बाणाची खूण किंवा फौजी क्रमांक कोरलेला असेल तर कोरीव काम भिंगाखाली बघा. जुन्या कोरीवात मळ बसलेला असतो आणि कडा वापराने गुळगुळीत झालेल्या असतात. नव्या कोरीवाच्या कडा नखाला लागतात, आतला धातू चकाकतो, आणि आजूबाजूचे जुने ओरखडे त्या अक्षरांपाशी येऊन तुटतात. ओरखड्यांवरून अक्षरं गेलीत की अक्षरांवरून ओरखडे, एवढं बघितलं तरी कोरीव आधीचं की नंतरचं ते कळतं.

बॉडीकडे वळू. 'जनता'ची बॉडी पितळेवर क्रोम चढवलेली आणि मागचं झाकण स्टीलचं, ही नेहमीची जोडी. त्यामुळे जिथे घाम साचतो तिथे, म्हणजे पट्टा अडकवायच्या कानांच्या आतल्या बाजूला आणि झाकणाच्या कडेला, क्रोम उडून पिवळं पितळ दिसणं स्वाभाविक आहे. हिरवा गंज असेल तर तो किती खोल गेलाय ते बघा. बॉडीला खड्डे पडून झाकण नीट बसत नसेल तर घेऊ नका. उलट पन्नास वर्षांची बॉडी आरशासारखी चकाकत असेल तर ती घासून पुन्हा क्रोम केलेली आहे. चार कानांच्या कडा गोलसर झालेल्या, समोरासमोरच्या कानांची जाडी वेगळी, आणि चकाकीच्या खाली जुने खड्डे तसेच, या तीन खुणा पुरेशा आहेत. पट्ट्याच्या पिना बसायची भोकं बघायला विसरू नका. 'न वापरलेलं, डब्यातलं' म्हणून दाखवलेल्या घड्याळाच्या भोकांभोवती पिन घासल्याच्या रेघा असतील तर ते डब्यातलं नव्हतं. चावीच्या दातांवरूनही वापर समजतो. एक सावधगिरी इथेच: एचएमटीच्या नावाची नवी घड्याळं आजही विकली जातात, त्यात जुन्या मॉडेलांची नावंही आहेत. नवं घड्याळ नवं म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही. त्याचा भाव जुन्याच्या नावाने लावलेला नसावा, एवढंच.

झाकण उघडल्यावर आधी झाकणाच्या आतली बाजू बघा. तिथे सुईने खरवडलेली बारीक अक्षरं, तारखा, आद्याक्षरं दिसली तर ती चांगली खूण समजावी. पूर्वीचे घड्याळजी सर्व्हिसिंग केल्यावर अशी नोंद करून ठेवायचे. तीन-चार नोंदी म्हणजे घड्याळाला तीन-चार वेळा तेल मिळालं.

मशीनवर कंपनीचं नाव आणि १७ ज्वेल वाचता येतात का ते बघा, मग स्क्रूंकडे नजर टाका. खाचा चेपलेल्या, कडा उडालेल्या असतील तर चुकीच्या मापाचा पेचकस वापरून अडाणी हाताने मशीन अनेकदा उघडलेलं आहे. चाकं धरून ठेवणाऱ्या मशीनच्या सगळ्या धातूच्या पट्ट्या एकाच छटेच्या हव्यात. एक पांढरट, शेजारची पिवळसर असेल तर दोन मशीनं मोडून एक केलंय. असं जोडलेलं मशीन चालतं, पण भाव अर्धा करून मागावा. चावीची दांडी आत जाते तिथला तपकिरी गंज सगळ्यात वाईट, कारण पाणी तिथूनच शिरतं आणि गंज पुढे चावीच्या चाकांपर्यंत जातो. सगळीकडे तेल चकाकत असेल तर ते प्रेमाने केलेलं ऑइलिंग समजू नका. तेल फक्त धुरींच्या टोकांना लागतं, तेही टाचणीच्या टोकाएवढं. मशीन न धुता वरून तेल सोडलं की ते हेअरस्प्रिंगवर, म्हणजे बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर चढतं, वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ तासाला कित्येक मिनिटं पुढे पळायला लागतं.

पुढे पळायचं दुसरं कारण चुंबक. मोबाइलचा स्पीकर, पर्सचं चुंबकी बटण, फ्रिजचं दार, कुठूनही लागतं. होकायंत्र टेबलावर ठेवून घड्याळ त्याच्याजवळून हळू फिरवा. सुई घड्याळाच्या मागे डोलायला लागली तर स्टीलच्या भागांत चुंबकत्व शिरलंय. हा दोष घाबरण्यासारखा नाही. घड्याळजीकडचं चुंबकत्व घालवायचं यंत्र काही सेकंदांत काम करतं. भाव करताना मात्र तो नक्की दाखवून द्यावा.

बॅलन्स चाक फिरताना बाजूने बघा. ते ताटासारखं सपाट फिरायला हवं. डोलत असेल तर धुरी वाकलीय किंवा टोक मोडलंय, म्हणजे घड्याळ कधीतरी जोरात पडलंय. धुरी बदलता येते, पण ते काम नीट करणारे हात आता थोडे उरलेत आणि पूर्ण बॅलन्स दुसऱ्या मशीनमधूनच काढावं लागतं.

आता चालवून बघायचं. चावी पुढे फिरवताना प्रत्येक दात मोजता येईल अशी एकसारखी टिकटिक लागली पाहिजे. मध्येच घसरली तर दात झिजलेत. पंचवीस-तीस फेऱ्यांच्या आसपास चावी भरून घट्ट होते. ती कधीच घट्ट होत नसेल तर मेनस्प्रिंग, म्हणजे चावीने भरली जाणारी मुख्य स्प्रिंग, तुटलीय किंवा आत अडकायची जागा सोडतेय. चावी बाहेर ओढून काटे फिरवा. हाताला हलका, सलग विरोध जाणवला पाहिजे. काटे लोण्यासारखे फिरत असतील तर मिनिटकाट्याखालची नळी सैल झालीय. नवखे सगळ्यात जास्त या दोषाला फसतात, कारण मशीन उत्तम टिकटिक करतं, वेग मोजायच्या यंत्रावर वेगही बरोबर येतो, आणि तरी घड्याळ रोज मागे पडतं. मशीन पुढे जातं, काटे जागीच घसरतात. ओढताना चावी पूर्णच हातात आली तर बहुतेक वेळा आतला एक स्क्रू ढिला असतो, ते काम किरकोळ आहे.

मोबाइलवर घड्याळाचे ठोके ऐकून वेग मोजणारी अॅप मोफत मिळतात. बाजाराच्या गलक्यात ती चालत नाहीत, घड्याळजीच्या दुकानात किंवा घरी वापरा. अॅपमध्ये १८,००० ठोके निवडा, चावी पूर्ण भरा, आणि डायल वर, डायल खाली, चावी खाली अशा तीन स्थितींत मोजा. डायल वर असताना बॅलन्सचा झोका २५० अंशांच्या वर असेल तर मशीन तंदुरुस्त. २०० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच भाव करावा. डाव्या-उजव्या झोक्यातला फरक एक मिलिसेकंदाच्या आत असला तर उत्तम, तीनच्या वर गेला तर घड्याळ चावी दिल्यावर आपोआप सुरू व्हायलाही कुरकुरतं. रोजचा फरक तीस सेकंदांच्या आत असेल तर पन्नास वर्षांच्या 'जनता'कडून याहून जास्त मागू नये. स्थिती बदलली की फरक दोन-दोन मिनिटांनी बदलत असेल तर दोष बॅलन्सच्या धुरीत किंवा तिच्या खड्यात आहे.

नाशिकच्या हवेचा इथे खरोखर संबंध येतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो तेव्हा रात्रभर खुंटीवर टांगलेलं घड्याळ सकाळी मागे पडलेलं दिसतं आणि मनगटावर बांधल्यावर दुपारपर्यंत ताळ्यावर येतं. याचा अर्थ आतलं तेल जुनं होऊन घट्ट झालंय, थंडीत आणखी आळतंय. पावसाळ्यात घेत असाल तर घड्याळ पाच मिनिटं मुठीत धरा आणि मग काचेची आतली बाजू बघा. तिथे धुकं धरलं तर आत ओल आहे, आणि ओल म्हणजे महिन्याभरात गंज. झाकणावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी जुनं रबर वाळून तडकलेलं असतं. असं घड्याळ नळाखालीसुद्धा नेऊ नये.

सीको ५ ची गोष्ट वेगळी आणि एका अर्थाने सोपी, कारण तिथे आकडे एकमेकांची साक्ष देतात. मागच्या झाकणावर दोन भागांत क्रमांक असतो. पहिले चार आकडे मशीनचे, पुढचे चार बॉडीचे. जुन्या बाजारात ६३०९ आणि ७००९ ही मशीनं नेहमी दिसतात. झाकणावर ६३०९ असेल तर आत मशीनवर ६३०९ च हवं, आणि डायलच्या तळाशी काचेच्या कडेला लपलेल्या सूक्ष्म ओळीतही त्याच आकड्यांची सुरुवात हवी. तिन्ही जुळले तर अर्धी लढाई जिंकली. झाकण एकाचं, मशीन दुसऱ्याचं आणि डायलवर ती ओळच नाही, असा तिहेरी संसारही विकायला असतो.

झाकणावरच्या दुसऱ्या, सहा अंकी क्रमांकावरून बनावटीचा महिना निघतो. पहिला अंक वर्षाचा, दुसरा महिन्याचा. ८३ ने सुरू होत असेल तर वर्ष आठवर संपणारं आणि महिना मार्च. १९७८ की १९८८ ते मशीनच्या प्रकारावरून ठरवावं लागतं. दहा, अकरा आणि बारा या महिन्यांसाठी शून्य किंवा 'ओ', 'एन', 'डी' येतं.

६३०९ आणि ७००९ चावी फिरवून भरत नाहीत, ती हात हलला की रोटरने, म्हणजे आत गोल फिरणाऱ्या वजनाने भरतात. तेव्हा विक्रेता चावी फिरवून "बघा, चावी भरतेय" म्हणाला तर त्याला घड्याळ माहीत नाही असं समजा. घड्याळ आडवं धरून अर्धा मिनिट हळू गोल हलवा आणि कान लावा. रोटर घासल्याचा खरखर आवाज आला तर झाकणाच्या आत वर्तुळाकार ओरखडे सापडतील. बेअरिंग झिजून रोटर खाली आलेला असतो. तारीख आणि वार दोन्ही बदलून बघा, मधोमध अडकायला नकोत. सीकोचं मशीन अतिशय दणकट आहे आणि रोज घालायला मला 'जनता'पेक्षाही ते पटतं. पण रंगीबेरंगी डायल छापून बाजारात सोडायचा उद्योग याच घड्याळावर सगळ्यात जास्त झालाय, इतका की परदेशातले शौकीन असल्या घड्याळांना मुंबईचं नाव देऊन ओळखतात. दोनरंगी डायल, नारिंगी सेकंदकाटा आणि चमकदार नवा पट्टा एकत्र दिसले की डायलच्या तळाची ती सूक्ष्म ओळ शोधा.

फेवर-लुबा आणि वेस्ट एंड एकट्याने घेऊ नयेत, विश्वासातल्या घड्याळजीला दाखवूनच घ्यावीत. फेवर-लुबा हे स्वित्झर्लंडचं १७३७ पासूनचं नाव, 'सी किंग' आणि 'सी चीफ' आपल्याकडे घरोघर होती. डायलवरच्या नावातली छोटी आडवी रेघ, 'जिनिव्ह'च्या फ्रेंच स्पेलिंगमधल्या दुसऱ्या 'ई'वरचा तिरका स्वर आणि वाळूच्या घड्याळासारखं बोधचिन्ह, या तीन जागी रिप्रिंट करणारा बहुधा चुकतो. चिन्हाच्या दोन त्रिकोणांची टोकं मध्यभागी नेमकी मिळायला हवीत. नाव मशीनच्या पट्टीवरही कोरलेलं हवं. अशा महाग तुकड्यासाठी घड्याळजीला मशीन बॉडीतून बाहेर काढायला सांगा आणि डायलची पाठ बघा. डायलला मागे दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या ठरलेल्या भोकांत बसतात. पाय कापून डायल दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावलेली असेल तर ती डायल त्या मशीनची नाही, मग वरून कितीही सुंदर असो.

वेस्ट एंडची जुनी 'सवार प्रायमा' चमकणाऱ्या आकड्यांसह मिळाली तर एक इशारा मनापासून. त्या काळच्या चमकणाऱ्या रंगात रेडियम असायचं. चमक केव्हाच विझते, किरणोत्सार विझत नाही, रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे. काच आणि झाकण बंद असताना मनगटावर फार चिंता नाही, पण काच काढून तो रंग खरवडणं, फुंकर मारणं, त्याची भुकटी घरात उडू देणं अजिबात नको. लहान मुलांच्या हातात उघडं घड्याळ देऊ नये. पुढच्या काळातल्या स्विस डायलींवर 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना 'टी' दिसतो, तो ट्रिटियमचा. ट्रिटियम बारा वर्षांत निम्मं होतं, म्हणून अशी जुनी डायल अंधारात ठळक चमकत असेल तर रंग नवा भरलेला आहे.

ऑनलाइन मागवणाऱ्यांनी चार फोटो मागावेत: काचेवर उजेडाची चमक न येता समोरून डायल, उघडलेलं मशीन, झाकणाची आतली बाजू, आणि कानांची कड बाजूने. सोबत सेकंदकाटा फिरतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ. फोटो त्याच घड्याळाचे आहेत का हे ओळखायला एखादा ओरखडा हेरून ठेवा आणि तो प्रत्येक फोटोत शोधा. "फोटो नंतर पाठवतो, पीस एकच उरलाय, आधी अॅडव्हान्स करा" असा मेसेज आला की तिथेच थांबावं.

भाव दुकानागणिक बदलतो, म्हणून आकड्यापेक्षा हिशेब उपयोगी. मागितलेल्या रकमेत पूर्ण सर्व्हिसिंग, नवी काच आणि पट्टा मिळवा, आणि ती बेरीज सर्व्हिसिंग करून हमी देणाऱ्या घड्याळजीच्या भावाशी ताडून बघा. बाजारातलं स्वस्त घड्याळ पुष्कळदा इथे महाग पडतं. मूळ, डागाळलेली डायल आणि बरं मशीन असलेली 'जनता' बेलाशक घ्या. रिप्रिंट असेल आणि विक्रेत्याने तसं स्वतःहून सांगितलं असेल तर रोज ऑफिसला घालायला तीही चालेल, मूळ डायलच्या भावात मात्र नको. रिप्रिंट दाखवून दिल्यावरही "कंपनीचीच आहे, दादा" म्हणून अडून बसणाऱ्याकडून काहीच घेऊ नये, कारण मशीनबद्दल तो जे सांगतोय त्यावरही मग भरवसा उरत नाही.

पैसे देताना साध्या कागदावर का होईना, चिठ्ठी करून घ्या. मॉडेल, झाकणावरचा क्रमांक, मशीनचा क्रमांक, 'डायल मूळ' की 'डायल रिप्रिंट' हे स्पष्ट शब्दांत, आणि आठ दिवसांत परत घेण्याची कबुली. घरी आणल्यावर रोज एकाच वेळी चावी भरा आणि रेडिओच्या किंवा मोबाइलच्या वेळेशी मिळवून फरक लिहून ठेवा. पहिले तीन दिवस मनगटावर, पुढचे दोन दिवस रात्री डायल वर ठेवून, शेवटचे दोन दिवस चावी खाली ठेवून. एकदा पूर्ण चावी भरून घड्याळ तसंच सोडा आणि किती तास चालतं ते बघा. तीस तासांच्या आत थांबलं तर आठव्या दिवशी तो कागद आणि घड्याळ घेऊन परत दुकानात जा.